पान तापतं तेव्हा आधी काय ढिलं पडतं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ४० अंशांना प्रकाशसंश्लेषणाचा वेग निम्म्यावर आला, पण अंधारात ठेवलेल्या पानाचं एफव्ही/एफएम (पानातून परत येणाऱ्या मंद लाल उजेडावरून, म्हणजे प्रतिदीप्तीवरून, काढलेलं गुणोत्तर) ०.८१ भरलं, मग तो उजेड मोजणारा फ्लुरोमीटर बिघडलाय का, असं विचारतोस. बिघडलेला नाही. निरोगी पानात हे गुणोत्तर ०.८३ च्या आसपास असतं आणि प्रकाशप्रणाली-२ (उजेड टिपून पाणी फोडणारी, हरितलवकातली यंत्रणा) शाबूत आहे का, एवढंच ते सांगतं. ती बहुतेक झाडांत ४० ते ४५ अंशांच्या पुढे कोलमडते. ऑक्सिजन सोडणारा मँगनीजचा गाभा आधी निखळतो. तुझं पान त्याच्या अलीकडे, दुसरीकडेच अडलंय.

माझा संशय रुबिस्को ॲक्टिव्हेजवर. रुबिस्को म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारं विकर, आणि ॲक्टिव्हेज त्याचा मदतनीस. रुबिस्को स्वतः दणकट असतं, ५० अंशांच्या आसपास जाईपर्यंत त्याला फारसं काही होत नाही. पण त्याच्या सक्रिय जागेत साखर-फॉस्फेटचे नको ते रेणू रुतून बसतात, कुलपात मोडकी किल्ली अडकावी तसे. एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून ते उपसायचं काम ॲक्टिव्हेजचं. पान तापलं की रुबिस्को जास्त वेगानं अडकायला लागतं आणि नेमक्या त्याच वेळी ॲक्टिव्हेजची घडी उलगडून त्याचे गोळे होऊ लागतात. थंड हवामानातल्या बऱ्याच सी-३ झाडांत (म्हणजे कार्बन डायऑक्साइड थेट रुबिस्कोनं पकडणाऱ्या झाडांत) हे ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतं. २००७ मध्ये अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात उष्णतेला टिकणारं ॲक्टिव्हेज घातलं, तेव्हा मध्यम उष्णतेतलं प्रकाशसंश्लेषण आणि वाढ दोन्ही सुधारली. संशोधकांचा दुसरा एक पक्ष मात्र म्हणतो की आधी उजेडावर चालणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मंदावतो आणि रुबिस्को त्याला जुळवून घेतं. मला वाटतं, झाडागणिक आणि तापमानागणिक दोन्ही खरं असावं. कसंही असो, ही घसरण बरीचशी परतीची असते. तिला लगेच ‘इजा’ म्हणू नकोस.

शिवाय प्रकाशश्वसन, म्हणजे रुबिस्कोनं कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडल्यानं होणारा तोटा, वाढतं ते वेगळंच. गरम पाण्यात दोन्ही वायू कमी विरघळतात, पण ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइड जास्त झपाट्यानं घटतो, आणि रुबिस्कोची दोघांतला फरक ओळखायची क्षमताही उतरते. सी-४ झाडं (मक्यासारखी) पेप कार्बोक्सिलेज या, ऑक्सिजन न पकडणाऱ्या विकराच्या जोरावर इथे सुटतात. ॲक्टिव्हेजच्या कचाट्यातून मात्र तीही पुरती सुटत नाहीत.

आता तुझ्या प्रयोगाच्या मांडणीकडे येतो, कारण खरी गोची तिथेच दिसते. २५ अंशांना हवेची बाष्प धरायची मर्यादा ३.१७ किलोपास्कल. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर हवेत १.६ आहे आणि तूटही, म्हणजे मर्यादेपर्यंतची उणीवही, १.६. तू कक्ष ४० अंशांवर नेलास. तिथे मर्यादा ७.४. वरून बाष्प दिलं नसशील तर तूट ५.८ झाली, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. पर्णरंध्रं मिटणारच! मग तू मोजलंस ते उष्णतेचं की कोरडेपणाचं? त्यात रंध्रं मिटली की बाष्पोत्सर्जनाचा गारवा जातो आणि प्रखर उजेडात पान हवेपेक्षाही काही अंशांनी तापतं. कक्षाच्या पाटीवरचा आकडा पानाचा धरू नकोस. बारीक तारेचं थर्मोकपल पानाच्या खालच्या बाजूला नीट टेकव आणि तोच आकडा लिही.

दोष कुणाचा ते सीआयवरून, म्हणजे पानातल्या पोकळ्यांमधल्या कार्बन डायऑक्साइडवरून, बऱ्यापैकी कळतं. वेगाबरोबर सीआयही उतरला तर रंध्रं आड आली. वेग उतरला पण सीआय तसाच राहिला किंवा चढला, तर अडचण आत हरितलवकात आहे. खात्री हवी तर बाहेरचा कार्बन डायऑक्साइड वाढवून बघ. रंध्रांचा किंवा प्रकाशश्वसनाचा अडसर असेल तर वेग चांगला सावरेल. ॲक्टिव्हेज दमलं असेल तर फारसा सावरणार नाही.

झाड या काळात स्वस्थ बसत नाही. थायलॅकॉइडच्या (हरितलवकातल्या उजेड टिपणाऱ्या चकत्यांच्या) पटलातून प्रोटॉन झिरपायला लागतात, ते भरून काढायला प्रकाशप्रणाली-१ भोवतीचा इलेक्ट्रॉनांचा चक्रीय प्रवाह वाढतो. काही मिनिटांत व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झिआझँथिन होतं. ते जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपानं सोडायला मदत करतं, पटलालाही घट्टपणा देतं. तासाभरात उष्णता-आघात प्रथिनं (इतर प्रथिनांची घडी सांभाळणारी) दिसू लागतात. पटलातली तीन दुहेरी बंधांची मेदाम्लं कमी करायला मात्र दिवस लागतात, आणि हा बदल महत्त्वाचा आहे: २००० साली तंबाखूत हरितलवकातलं ती मेदाम्लं बनवणारं विकर बंद पाडलं, तर ती झाडं जास्त उष्णता सोसू लागली.

म्हणूनच २५ वरून थेट ४० वर उडी मारू नकोस. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्योर्कमन यांनी कण्हेर एकदा दिवसा २० अंशांना आणि एकदा ४५ अंशांना वाढवली. ४५ वाल्या झाडांचा सर्वोत्तम वेगाचा बिंदू वर सरकला, पण थंडाव्यात ती मागे पडली. तू दर दोन-तीन दिवसांनी ३-४ अंश चढव आणि तेव्हा आलेली नवी पानं जुन्या पानांपासून वेगळी मोज. जुनं पान जुळवून घेतं, पण नव्याइतकं नाही.

एफव्ही/एफएम घेण्याआधी अंधार २० ते ३० मिनिटं तरी दे. प्रणाली-२ नेमकी कुठे कोलमडते ते हवं असेल तर पानाची चकती अंधारात मिनिटाला १ अंशानं तापव आणि एफ-शून्य (अंधारातल्या पानाची किमान प्रतिदीप्ती) लिहीत जा; ज्या तापमानाला रेघ एकदम वर उचलते तो तिचा उंबरठा. ४० अंशांच्या प्रयोगानंतर पान २५ वर आणून एका तासानं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. वेग परतला तर ते मंदावणं होतं. परतला नाही आणि एफव्ही/एफएमही उतरलं, तर इजा म्हण.

पुढच्या पत्रात सीआय आणि पानाचं तापमान हे दोन रकाने आधी पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
माधव