उसाची पाने मोजणार नाही म्हणणारा विनय

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

बालनाट्यांतून मुलांना विनय शिकवावा, अशा आशयाचे पत्र आपल्या अंकात वाचले. हेतू चांगला आहे. पण विनय म्हणजे सांगितलेले निमूटपणे ऐकणे, एवढाच अर्थ त्यातून मुलांच्या पदरी पडू नये. म्हणून नोबेलविजेते (१९९२) डेरेक वॉलकॉट यांच्या ‘ती-जाँ अँड हिज ब्रदर्स’ या नाटकाकडे लक्ष वेधते. त्यांच्या सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरच्या लोककथेवर ते बेतलेले आहे.

गरीब आईचे तीन मुलगे. सैतानाची पैज अशी, की मला जो राग आणील त्याला बक्षीस; जो स्वतः चिडेल त्याला मी खाणार. थोरला अंगाने दांडगा, मधला पुस्तकी. दोघेही वाटेत भेटलेल्या बेडकाला, रातकिड्याला झिडकारून पुढे जातात. सैतान गोऱ्या मळेमालकाचे सोंग घेतो. थोरल्याला उसाची पाने मोजायला बसवतो आणि मुद्दाम भलत्याच नावांनी हाका मारत राहतो. राबणाऱ्याचे नावसुद्धा लक्षात ठेवायचे नाही! थोरला भडकतो आणि संपतो. मधला तोंडाला कुलूप लावतो, पण माणूस श्रेष्ठ की बोकड, या वादात त्याचाही तोल जातो.

धाकटा ती-जाँ आईचा आशीर्वाद घेऊन निघतो. बेडकाशी आदराने बोलतो. रानात शहाणपण सांगणाऱ्या म्हाताऱ्याची, म्हणजे वेष पालटलेल्या सैतानाचीच, लपवलेली शेपटी त्याच्या नजरेला पडते. मालकाने बांधायला सांगितलेल्या, पण पुन्हा पुन्हा सुटणाऱ्या बोकडाला बांधत न बसता तो त्याला खच्ची करून टाकतो. पाने मोजायची वेळ येते, तेव्हा मजुरांना हाक देऊन उभा ऊसच पेटवतो. मग चिडायची पाळी मालकाची!

गुलामांच्या घामावर साखर पिकवलेल्या आणि १९७९ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेल्या त्या बेटावर हा मालक कोण, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नाही. पुढे आईच्या मृत्यूने खचूनही ती-जाँ गातो आणि सैतानाच्याच डोळ्यांत पाणी येते. सैतानाने दिलेल्या वरातून तो स्वतःसाठी काही मागत नाही. जन्मालाच न आलेल्या बोलोम या जिवाला आयुष्य मागतो. विनय तो हाच, असे मला मनापासून वाटते.

बेडूक सूत्रधार, जोडीला गाणी आणि ढोल. जर्मन नाटककार ब्रेख्तला आपलेसे करणाऱ्या मराठी रंगभूमीला हे जड नाही. एखाद्या संस्थेने रीतसर परवानगी घेऊन हे नाटक मराठीत आणावे. फक्त मुलांसाठी म्हणून ऊस पेटवण्याचा प्रवेश कापू नये, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली