आधी बाळाची पकड पाहा

संपादक महोदय,

‘दूध पुरत नाही’ म्हणून पहिल्याच आठवड्यात बाळाला वरचं दूध सुरू केलं जातं. बहुतेक वेळा दूध पुरेसं असतं, बाळाची पकड, म्हणजे स्तन तोंडात धरण्याची पद्धत, चुकलेली असते. ती आधी तपासावी, पावडरचा डबा नंतर.

बाळाचं पोट आईच्या अंगाला टेकलेलं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत हवं. मान वळवून गिळणं अवघडच. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर धरून वरच्या ओठाला लावायचं आणि बाळ जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. घाई होते ती इथेच. मग बाळाला स्तनाकडे आणायचं, आईने वाकायचं नाही. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग खालच्यापेक्षा वर जास्त दिसला, की पकड जमली. गालाला खळी पडत असेल, चपचप आवाज येत असेल किंवा पाजल्यावर स्तनाग्र चपटं, तिरपं कापल्यासारखं दिसत असेल, तर बाळ नुसतं टोक चोखतंय. चिरा बहुधा त्यानेच पडतात. अशा वेळी बाळाला ओढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं.

सुरुवातीचं चिकाचं दूध थोडंच येतं आणि घरच्यांचा धीर सुटतो. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतं. जन्मानंतर तासाभरात पाजायला घ्यावं, पुढे २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीसुद्धा, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. स्तन जितका रिकामा होतो तितकं दूध बनतं. बाटलीमुळे अंगावरचं पाजणं टळत गेलं, की दूध खरोखरच आटू लागतं.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ वेळा फिकट शू होत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलं, तर निश्चिंत राहावं. शू कमी आणि गडद, बाळ सुस्त किंवा वजन १० टक्क्यांहून अधिक उतरलेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. ते वरचं दूध द्यायला सांगतील तर जरूर द्यावं. त्यात आईचा काहीही दोष नाही.

रुग्णालयांना एकच विनंती. आईला घरी सोडण्यापूर्वी जाणकार परिचारिकेने शेजारी बसून एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं.

– एक स्तनपान समुपदेशक