पाठ फिरवलीस म्हणून थँक्यू, पोरी

तुझं नाव मला माहितीये. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर आलं होतं आणि पैसे पाठवायच्या आधी तूच ते मला मोठ्याने वाचायला लावलंस. पण इथे चारचौघांत लिहीत नाही, तुला आवडेल न आवडेल, म्हणून निळ्या केसांची पोरगी एवढंच. आणि मी, त्या कॉमिक-कार्टूनवाल्यांच्या मेळ्यातली ती पंजाबी ड्रेसवाली काकू, जिच्याबरोबर आठवीतली भाची होती, पाठीला फोमची केवढी मोठी तलवार बांधलेली, आणि जी तुझ्या टेबलावर विकायला ठेवलेली मांजरींची चित्रं बघून जागची हलायलाच तयार नव्हती. आठवत असेल तर बरं, नसेल तरी काही नाही, त्या दिवशी तुझ्यापुढून किती लोक गेले असतील.

तेव्हा मला नीट बोलताच आलं नाही. घशात आवंढा आला होता आणि भाचीसमोर रडायचं नव्हतं. म्हणून आता घरी बसून लिहितेय, लांबलं तर चालवून घे.

त्याचं असं झालं की भाचीचा जो काही अवतार होता त्याला खिसाच नव्हता. या कॉस्प्लेवाल्या, म्हणजे कार्टून-गेममधल्या पात्रांचा वेश करणाऱ्या पोरांच्या कपड्यांना खिसे का नसतात देव जाणे, चिलखत आहे, पट्टे आहेत, तीन तीन बकलं आहेत, पण पन्नासची नोट ठेवायला जागा नाही. तेव्हा ठरलं की सगळे पैसे मावशीकडे. मला त्याचं काही वाटलं नाही कारण गर्दीत पैसे कसे सांभाळायचे हे मी आईकडून शिकलेय. आम्ही लहानपणी आंगणेवाडीच्या जत्रेला जायचो तेव्हा आई कधीच सगळे पैसे एका जागी ठेवायची नाही, थोडे पर्समध्ये, थोडे कनवटीला, आणि परतीच्या एसटीचे रुमालाच्या गाठीत, त्या गाठीला काही झालं तरी हात लावायचा नाही. मी पण तसंच केलं होतं. ड्रेसला आतून चोरखिसा शिवलाय, त्यात परतीचे वेगळे, पर्समध्ये सुट्टे वेगळे, डोंबिवलीहून दादरला उतरून गाडी बदलेपर्यंत दहादा हात लावून बघितलं.

आत गेल्यावर कळलं की नोटा कोणाला नकोच आहेत. पाचशेची काढली की समोरचा असा बघतो जणू मी चिंचोके दिले. सुट्टे नाहीत मॅडम, यूपीआय करा. आणि एकाच हॉलमध्ये एवढी माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, सगळे एकाच वेळी व्हिडिओ टाकतायत, तर नेट चालणार कसं? खायच्या स्टॉलवर तेच झालं. भाचीसाठी फ्राइज घेतल्या, पैसे पाठवले, चक्र फिरत राहिलं, बँकेचा मेसेज आला पैसे कापले म्हणून, आणि तो मुलगा म्हणतो आमच्याकडे आलेच नाहीत. मी मेसेज दाखवला. तो म्हणाला मेसेज काय कोणीही दाखवतं. एवढ्या लोकांसमोर! मागून कोणीतरी ओरडलं, आंटी जल्दी करो. भाचीच्या हातात फ्राइजचा कोन, एक तोंडात घातलेली, ती तशीच थांबली बिचारी. मी परत पैसे भरले आणि बाजूला झाले.

चौकशीच्या टेबलावर गेले तर तिथल्या मुलाने मानही वर केली नाही, तुमच्या बँकेला विचारा. रविवारी. आणि मग तो एक गृहस्थ आला, शर्टबिर्ट इन केलेला, अगदी गोड बोलणारा, काय झालं ताई, द्या मी बघतो, आणि फोन माझ्या हातातून घेता घेता म्हणतो, पिन काय आहे? तो चांगला होता की वाईट ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित खरंच मदत करत असेल. पण मी फोन घट्ट धरला आणि तिथून निघाले, आणि चालता चालता माझं डोकं एवढं तापलं की विचारू नकोस.

कारण तो काही पहिला नव्हता. आमच्या गल्लीतल्या मोबाईलच्या दुकानात हे अ‍ॅप टाकून घेतलं तेव्हा त्या पोराने विचारलं, काकू जन्मसाल सांगा, तेच पिन ठेवतो, लक्षात राहील. ठेवतो! म्हणजे माझ्या कुलपाची किल्ली तोच बनवणार आणि तोच मला सांगणार. बँकेत गेले, तिथे काचेपलीकडची बाई म्हणते पिन बोला मी टाकून देते, आणि मागे रांग उभी. घरी भावजी म्हणतात इकडे दे, तुला नाही जमायचं, आणि पिन काय गं? अख्ख्या घराला पाठ आहे माझा पिन, फक्त दूधवाल्याला सांगायचा राहिलाय. एवढी वर्षं शाळेच्या ऑफिसमध्ये हिशेब सांभाळलेत मी, फीची पावती न् पावती, कधी रुपयाचा फरक आला नाही, पण फोन हातात घेतला की सगळ्यांना मी दुसरीतली मुलगी वाटते.

तर अशा अवस्थेत मी तुझ्या टेबलापाशी आले. आले म्हणजे काय, भाचीने ओढत आणलं. तिने मांजरींची स्टिकर शीट उचलली आणि माझ्याकडे बघून परत खाली ठेवली. मला वाटतं तू ते बघितलंस. कारण तू काही विकायचा प्रयत्नच केला नाहीस, आधी स्वतःची खुर्ची टेबलाच्या बाहेर काढून दिलीस आणि म्हणालीस, काकू बसा दोन मिनिटं, इथे दिवसभर उभं राहून सगळ्यांचीच वाट लागते.

मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही. तू ऐकलंस आणि म्हणालीस ते फ्राइजचे पैसे कुठे जाणार नाहीत, कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, उशीर झाला तर बँकेला दिवसाचे शंभर रुपये द्यावे लागतात. मला तर कोणी हे सांगितलंच नव्हतं. बँकेतल्या त्या बाईने पण नाही. 2019 पासून आहे म्हणे हा नियम.

मग तू विचारलंस, आज साधारण किती खर्च करायचा विचार आहे? मी म्हटलं दोन हजार, त्याच्यावर एक पैसा नाही. तर तू म्हणालीस मग तेवढेच वेगळे काढून ठेवूया, यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे त्याच अ‍ॅपमधल्या छोट्या पाकिटात. एका वेळी हजारपर्यंत त्यातून पिन न टाकता जातात, आत जास्तीत जास्त पाच हजार राहतात, आणि गर्दीत दर वेळी पिन टाकायला लागत नाही म्हणजे खांद्यावरून डोकावणाऱ्याला बघायलाही काही मिळत नाही. फोन गेलाच तरी पिनशिवाय जाऊन जाऊन तेवढेच जाणार. मला एकदम कळलं. आईची कनवट! मी तसं म्हटलं आणि तू हसलीस.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

पैसे त्यात भरायला एकदा पिन लागतो. तोपर्यंत फोन तुझ्या हातात होता, तू कुठे काय दाबायचं ते दाखवत होतीस. पिनचा तो पडदा आला आणि तू लगेच फोन माझ्या हातात दिलास. आणि वळलीस. नुसती मान नाही, अख्खी वळलीस, माझ्याकडे पाठ करून, टेबलावरच्या सगळ्या मालाकडे पण पाठ करून, आणि समोर भिंतीवर ती हिरवी पाटी असते ना बाहेर जायचा रस्ता दाखवणारी, ती वाचत उभी राहिलीस. भाचीला म्हणालीस, तू पण वळ गं. ती वळली तशी तिची तलवार मागच्या कोण्या राक्षसाच्या पोटात गेली आणि तो राक्षस म्हणाला सॉरी. तू तरीही वळली नाहीस. झालं की सांगा काकू, एवढंच म्हणालीस.

मला वेळ लागतो गं. चष्मा काढला, पुसला, घातला, मग एक एक आकडा. समोर तीन चार गिऱ्हाइकं उभी होती, एक जण प्रिंट हातात घेऊन हॅलो हॅलो करत होता, तू त्याला हाताने थांब म्हणालीस पण मागे बघितलं नाहीस. तुझा माल उघडा पडला होता, कोणीही शीट उचलून चालतं झालं असतं. आणि तू पाटी वाचत होतीस.

तुला कदाचित यात काही विशेष वाटणार नाही. तुमच्या वयाच्या पोरांना ती सवय असते, कोणी पिन टाकत असलं की नजर काढायची. पण मला, खरं सांगते, इतक्या दिवसांत कोणी एवढा मान दिला नव्हता. मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांना मदत करता करता तुमच्या घरात पण शिरायचं असतं. तू दारापर्यंत आलीस आणि बाहेर थांबलीस.

त्यानंतर मी काय काय घेतलं ते तुला माहितीच आहे, मांजरींची शीट, तो पावसातल्या लोकलचा प्रिंट (तो माझा, भाचीचा नाही, हॉलमध्ये लावलाय), आणि दोन बिल्ले. प्रत्येक वेळी तू म्हणालीस नाव वाचा काकू, मगच पाठवा, कारण हे लोक दुसऱ्याच्या क्यूआरवर स्वतःचा स्टिकर चिकटवून जातात, म्हणून तू तुझा क्यूआर टेबलाला न चिकटवता गळ्यात अडकवलाय. मला ते फार आवडलं. आणि तेवढ्यात तो हुडीवाला मुलगा आला, तीन प्रिंट घेतले, लांबूनच फोन दाखवला हिरवी टिक आलेला, आणि निघाला. तू एवढ्या शांतपणे म्हणालीस, एक मिनिट हं दादा, माझ्या फोनवर येऊ दे. तो म्हणाला नेट नाहीये. तू म्हणालीस चालेल, आपण थांबू ना दोघं. तो प्रिंट ठेवून गेला. तेव्हा कळलं की नुसता टिकचा फोटो दाखवून माल नेणारे पण असतात, आणि तो फटका तुमच्यासारख्या स्वतः चित्रं काढून विकणाऱ्यांना बसतो. मग मला त्या फ्राइजवाल्याचं पण थोडंसं पटलं, थोडंसंच, कारण तेच वाक्य माणूस ओरडून पण बोलू शकतो आणि तुझ्यासारखं पण. फरक त्या एका ‘आपण थांबू’ मध्ये आहे. त्याने माझ्याबरोबर एक मिनिट थांबायला काय हरकत होती?

फ्राइजचे पैसे परत आले बरं का. नियमाच्या आतच आले. मी भावजींना मेसेज दाखवला, ते म्हणाले तरी मी सांगत होतो कार्ड वापर. मी म्हटलं, कार्ड नुसतं टेकवलं की पाच हजारापर्यंत पिन विचारत नाही, माहितीये का? गर्दीत पडलं तर? ते नुसतं टेकवणं अ‍ॅपमधून बंद करून ठेवता येतं हे पण मी त्यांना सांगितलं. गप्प बसले. आमच्या घरात हे फार क्वचित होतं.

आणि मी पिन बदललाय. आता घरात कोणालाच माहीत नाही.

आमच्या भिशीत मी हे सगळं सांगितलं. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, हे तू जाता जाता म्हणालीस ते पण सांगितलं, तर एक जण रडायलाच लागली. तिच्या सुनेने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता, घेणाऱ्याने पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला लावला आणि खातं साफ केलं. तिला ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा 1930 नंबर माहीत नव्हता, लगेच फोन केला असता तर पैसे वाटेत अडवता आले असते कदाचित. आता सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, मी बसून करून घेतला. आणि ज्यांना लाइट सुरू करायचं होतं त्यांना पण दाखवलं. पिनचा पडदा आला की मी उठून खिडकीपाशी जायचे. पहिल्यांदा गेले तर म्हणतात, अगं कुठे चाललीस, तुला काय लपवायचंय, तू घरचीच! मी म्हटलं तू टाक, मी कपडे वाळलेत का बघते.

लोक म्हणतात आजकाल माणुसकी राहिली नाही, आणि ही निळे हिरवे केस केलेली, नाकात रिंग घातलेली पोरं बघून तर जास्तच म्हणतात, मी पण गाडीत बसल्यावर हेच म्हणत होते, भाची साक्षीला आहे. पण त्या दिवशी माझ्याशी तुसडेपणाने वागलेले सगळे नीट भांग पाडलेले होते. बाकी तू समजून घे. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. मुलीने नोकरी सोडून मांजरी काढायला घेतल्या म्हणून ते नाराज आहेत असं काहीसं तू भाचीला म्हणत होतीस, मी कान दिला नाही पण ऐकू आलं. त्यांना सांग की डोंबिवलीतल्या एका बाईने त्यांच्या मुलीचा प्रिंट देवघराशेजारच्या भिंतीवर लावलाय.

संक्रांत जवळ आलीये. तिळाच्या वड्या करणार आहे, तुला पाठवायच्यात. पत्ता इथे लिहू नकोस हं, भाची तुला फॉलो करते, तिला मेसेज कर. कुरिअरचे पैसे मी देणार, त्यावर वाद नको. आणि मेसेज आला की मी आधी तुला फोन करून विचारणार आहे की तूच आहेस ना, तेव्हा रागावू नकोस.