आप्पांना पत्र

की लार्गो, फ्लोरिडा

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पाण्यात उतरून तू नेमकं बघतेस तरी काय?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहितेय.

सध्या जॉफिश बघते. पिवळ्या डोक्याचा, फिकट निळसर अंगाचा मासा, लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. या कुळात ऐंशीच्या आसपास जाती आहेत; ही जात इकडचीच, फ्लोरिडाच्या टोकाच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवरून १९०५ मध्ये तिची नोंद झाली.

तुम्हाला आवडेल ते त्याचं बांधकाम. दिंडोरीच्या मळ्यातली विहीर तुम्ही दगडांनी बांधून घेतलीत ना, तसंच त्याचं बीळ. हात नाहीत, तेव्हा सगळं तोंडानंच. तोंड भरून वाळू उचलायची, बाहेर थुंकायची, मग शिंपल्यांचे नि पोवळ्याचे तुकडे एकेक आणून कडेला रचायचे. चांगला दगड दिसला तर शेजाऱ्याच्या बिळाचाही पळवतात, त्यावरून भांडणंही होतात! (बांधावरची भांडणं सगळीकडे सारखीच.) दिवसभर बिळावर उभा तरंगत राहतो, कोणी जवळ आलं की शेपटीकडून आत. रात्री तोंडाशी दगड ओढून दार बंद.

अंडी घालते मादी, सांभाळतो नर, तेही तोंडात. आठवडाभर अंड्यांचा गच्च गोळा जबड्यात. मधूनमधून गोळा थोडा बाहेर सोडतो आणि लगेच आत ओढतो, म्हणजे सगळ्या अंड्यांना ताजं पाणी मिळतं. पहिल्यांदा बघताना वाटतं, गेली सगळी!

बघायला आलेले लोक "केवढा त्याग" म्हणून हळहळतात. मला काही ते पटत नाही. कधीकधी तो अंडी बिळात ठेवून वर येतो, पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव खातो आणि पुन्हा गोळा तोंडात घेतो. पोटाचंही बघतो, पोरांचंही. मला तो त्यामुळेच जास्त आवडतो. पिल्लं बाहेर पडली की मात्र संबंध संपला. ती प्रवाहाबरोबर जातात, आणि त्यातली जी तगतील ती पुढे तळाशी उतरून आपलं आपण खणायला लागतात.

द्राक्षांची छाटणी उरकली का? पाऊस लांबलाय म्हणे, डाऊनी रोगाकडे लक्ष असू द्या. पण फवारणीला स्वतः उभे राहू नका, सुरेशला सांगा. आईचा गुडघा कसा आहे ते ती फोनवर सांगत नाही, तेवढं तुम्ही कळवा. पंचवटीच्या आत्यांना नमस्कार.

तुमची,
माई