मंत्रीसाहेब, ॲप राहू द्या, आधी काटा जुळतो का बघा

मा. माहिती व प्रसारण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही कोकणातले, डोंगराआडचे. आमच्याकडे रेडिओचा काटा मिडियम वेव्हवर (म्हणजे एएमवर, जुन्या आकाशवाणीच्या पट्ट्यावर) लावला की हल्ली नुसती खरखर, त्यातली अर्धी तर घरातल्याच एलईडी बल्बची आणि चार्जरची असते. त्यात आता आकाशवाणीचे मिडियम वेव्हचे ट्रान्समीटरच बंद करायचं चाललंय, आणि मग ऐकायचं कसं विचारलं तर उत्तर मिळतं की आकाशवाणीचं ॲप डाउनलोड करा. बरं.

साहेब, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, त्यानंतर रायगडात आणि इकडे दापोली मंडणगडला कित्येक दिवस लाइट नव्हती आणि मोबाइलला रेंज पण नव्हती, तेव्हा ॲप कशावर चालवायचं होतं? दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर मात्र चालतो. आणि एफएम म्हणाल तर ते साधारण सरळ रेषेत जातं, मध्ये डोंगर आला की संपलं. मिडियम वेव्ह जमिनीला धरून लांबवर जाते, रात्री तर आकाशातल्या वरच्या थरावरून परत खाली येते आणि शेकडो किलोमीटरवरचं केंद्र लागतं. दर्यावर गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

रेडिओ बदलू नये असं माझं म्हणणं नाहीच. १९२७ ला मुंबईत सुरू झाल्यापासून तो बदलतोच आहे. पण कोणी कोणासाठी बदलला ते बघा ना. तुमच्याच खुर्चीत १९५२ ते १९६२ बाळकृष्ण केसकर होते, आपलेच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची रुची बिघडते म्हणून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच केली. लोकांनी काय केलं, मुकाट्याने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली, तेव्हाही मंत्री केसकरच.

आणि त्याच काळात पुणे केंद्राने काय केलं तर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गाणं, एकूण ५६. माडगूळकर, फडके आणि तिथले स्टेशन डायरेक्टर सीताकांत लाड, ह्यांनी ते तिथल्या तिथे ठरवलं. दिल्लीहून कार्यक्रमांचा छापील तक्ता आला असता तर झालं असतं का हे? कामगार सभा गिरणी कामगारांसाठी होती, वनिता मंडळ दुपारी जरा टेकलेल्या बायकांसाठी, युववाणी कॉलेजच्या पोरांसाठी. आपली आवडमध्ये तर गाण्यापेक्षा फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं ऐकण्यातच जास्त मजा. हल्ली आमच्या केंद्रावर स्वतःचे कार्यक्रम कमी आणि दुसरीकडून जोडून घेतलेले जास्त, आमच्या बोलीतला निवेदक कधी ऐकला ते आठवावं लागतं. मग ऐकणारे कमी झाले म्हणून बोंब.

खाजगी एफएमला आपल्या बातम्या द्यायला अजूनही परवानगी नाही, फार तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे जिल्ह्यातल्या बातम्या रेडिओवर द्यायच्या तर तुम्हीच देऊ शकता, आणि तुम्हीच ट्रान्समीटर बंद करणार. डिजिटल म्हणाल तर डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओचं तंत्र, बसवून झालं, पण ते ऐकायचा सेट साध्या दुकानात मिळत नाही, काही नव्या गाड्यांत असतो म्हणे. आमच्या म्हातारीने रेडिओ ऐकायला गाडीत जाऊन बसायचं का?

तेव्हा एवढंच करा. ज्या केंद्राची मिडियम वेव्ह बंद करायचीय तिथला माणूस आधी एक साधा एफएम सेट घेऊन खाडीकाठाने आणि घाटाखालच्या वाड्यांतून फिरवा, कुठे लागतं कुठे नाही ते लिहून आणू दे. जिथे लागत नाही तिथला ट्रान्समीटर राहू दे, निदान पावसाळ्यात तरी. रोजचे दोन तास त्या केंद्राला त्याच्या मर्जीने वापरू द्या. आणि बंदच करायचं ठरलं तर तारीख आधी महिनाभर त्याच मिडियम वेव्हवरून सांगा, ॲपवर नको, आम्हाला कळणार नाही.

आपला,
एक श्रोता