भाट्याच्या किनाऱ्यावर मुलांना नेण्याआधी

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवीच्या मुलांना घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्याचा किनारा साफ करायचा बेत ऐकून फार आनंद झाला. पण अरे, तारीख तेवढी बदल. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नको. त्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते; करून बघ, पंधराची सव्वाअकरा होते. सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे तुम्ही वाळूत उतराल तेव्हा पाणी चढत असणार. मुलं खाली मान घालून वेचत असतात, लाटेकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यापेक्षा वद्य षष्ठी किंवा सप्तमी धर. भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, सकाळभर उतरतं, अकराच्या आसपास ओहोटी. आठ ते दहा एवढंच काम ठेव, पुढे ऊन सोसत नाही.

विसर्जनानंतर लगेच गेलं पाहिजे असं तुला वाटतं, ते कळतं मला. पण प्लास्टरच्या मूर्तींचे तुकडे, त्यातल्या तारा आणि खिळे हे मुलांचं काम नव्हे. भग्न मूर्ती मंडळातल्या मोठ्या माणसांनी आणि नगरपरिषदेच्या कामगारांनी आधी उचलाव्यात. मुलांसाठी बाटल्या, वेष्टनं, पिशव्या, थर्माकोल खूप उरतं. काजळी नदीच्या पाण्याबरोबर खाडीतून येतं ते वेगळंच.

आता माझ्या नोकरीतलं सांगते. आरोग्य केंद्रात असताना सुई टोचलेली माणसं मी पाहिली आहेत. वाळूत सुई सहज दिसत नाही, निळं-पिवळं प्लास्टिकचं टोक तेवढं वर असतं आणि मुलांना ते खेळण्यासारखं वाटतं. म्हणून आदल्या दिवशी वर्गात एक नियम पक्का कर: सुई, काच, औषधाची बाटली, पत्रा, डायपर किंवा मेलेलं जनावर दिसलं की हात लावायचा नाही, तिथेच उभं राहून हात वर करायचा. मोठ्या माणसाने चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायचं. पिशवीत अजिबात नाही, ती फाटून दुसऱ्याला टोचते. तरी कुणाला टोचलंच तर जखम पिळायची नाही, चोखायची नाही. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि तडक सिव्हिलला न्यायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, बहात्तर तासांनंतर उपयोग नसतो. मुलांना दहाव्या वर्षी धनुर्वाताची टीडी लस मिळाली होती का, ते संमतीपत्रातच पालकांना विचार.

पायात बूट हवेतच, चपला नकोत. हातमोजे जाड रबराचे घे. किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे जेलीफिश वाहून आलेले असतात. मेलेले दिसले तरी त्यांचे धागे चटका देतात, मुलांना फोटो दाखवून ठेव. वाळूत अर्धं गाडलेलं जाळं ओढू देऊ नकोस. आत गळ अडकलेले असतात, शिवाय पाच मुलं मिळून ओढायला लागली की पडतातच. कोयती असलेल्या एखाद्या दालदी, म्हणजे मासेमार, मामांना हाक मार, त्यांच्याइतकं ते कुणालाच जमणार नाही. पावसाचं पाणी साचलेल्या खड्ड्यात पाय घालायचा नाही. उंदरांच्या लघवीने लेप्टोचा ताप येतो, आणि मुलांच्या पायाला काही ना काही खरचटलेलं असतंच.

पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेव, आणि एकाने कचरा न वेचता नुसतं समुद्राकडे बघत राहायचं. हे काम स्वतःकडे घेऊ नकोस, तुला चारही बाजूंनी हाका येतील. पालकांपैकी पोहणाऱ्याला दे.

आणि घंटागाडीचं आधीच बोलून ठेव. मुलांनी घाम गाळून भरलेल्या पिशव्या सुरुच्या बनात पडून राहिल्या आणि कुत्र्यांनी फाडल्या, तर पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने त्यांना बोलावशील?

तारीख ठरली की कळव. प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी येणार आहे, नको म्हणू नकोस. बाबांना पाण्यावर लक्ष ठेवायला सांगू का?

तुझी,
आई