फ्रेडोला नुसतं गद्दार म्हणून सोडून देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गुन्हेगारी घराण्यांवरच्या चित्रपटांविषयीचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण ‘गॉडफादर’मधल्या माफिया घराण्यातला मधला मुलगा फ्रेडो, त्याची त्यात ‘भावावर उलटलेला मूर्ख गद्दार’ एवढ्यावर बोळवण केली आहे. ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. मीही तीन भावांतला मधला आहे.

१९७२च्या पहिल्या भागात वडिलांवर गोळ्या झाडल्या जातात, तेव्हा त्यांच्यासोबत फ्रेडोच असतो. त्याच्या हातून पिस्तूल निसटतं आणि तो रस्त्याच्या कडेला बसून रडतो. तेव्हापासून तो घरात कुचकामी ठरला. पुढे थोरला सनी मारला जातो. वयाने पाळी फ्रेडोची, पण गादी मिळते धाकट्या मायकेलला. फ्रेडोला काय वाटेल, हे कोणी विचारल्याचं चित्रपटात कुठे दिसत नाही.

हे साठलेलं सगळं १९७४च्या दुसऱ्या भागात बाहेर पडतं. तळ्याकाठच्या त्या खोलीत फ्रेडो आरामखुर्चीत जवळजवळ आडवा पडलाय आणि तिथूनच मायकेलवर ओरडतोय की मी तुझा थोरला भाऊ, आणि मलाच डावललं. त्याला उठून उभंही राहता येत नाही. तुझ्यावर हल्ला होणार हे मला माहीत नव्हतं, अशी शपथ तो घेतो. आपल्या लेखात याचा उल्लेखच नाही. मायकेलच्या शत्रूंनी त्याला फोडताना काय देऊ केलं होतं? त्याच्यासाठी काहीतरी, त्याचं स्वतःचं. किती, हे तो सांगतही नाही. मी त्याचा गुन्हा झाकत नाही. गोळ्या भावाच्या झोपायच्या खोलीत आल्या, घरात मुलं होती. पण हा माणूस पैशासाठी फुटलेला नाही.

आमच्या वडिलांनी आजारपणात कपाटाच्या किल्ल्या धाकट्याच्या हातात दिल्या. तो माझ्याहून व्यवहारी, त्यामुळे वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मी उभा होतो आणि माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पुढची काही वर्षं धाकट्याचं एखादं काम फसलं की मला आतून बरं वाटायचं. त्या दिवसांत कोणी परका माझ्याशी दोन शब्द गोड बोलला असता, तर मी घरातलं काय काय सांगून बसलो असतो, याची मला आजही धास्ती वाटते. वाली-सुग्रीवापासून ही आग माणसाला ठाऊक आहे.

रामगोपाल वर्मांच्या ‘सरकार’मध्ये (२००५) थोरला विष्णू वडिलांच्या जिवावर उठतो आणि धाकटा शंकर त्याला संपवतो. के. के. मेनन यांनी काम उत्तम केलं आहे, पण विष्णू आधीपासूनच इतका बेताल दाखवलाय की तो गेल्यावर आपल्याला चुटपुट लागत नाही. फ्रेडोच्या बाबतीत ती लागते. त्याचं बरंचसं श्रेय जॉन कझाल या नटाला. १९७८मध्ये तो अवघ्या ४२व्या वर्षी गेला, चित्रपट केले पाचच. लेखात निदान त्याचं नाव तरी यायला हवं होतं.

आई जिवंत असेपर्यंत फ्रेडोला हात लावायचा नाही, असं मायकेल आपल्या माणसाला बजावतो. आई जाते. तिच्या पार्थिवाजवळ तो भावाला मिठी मारतो आणि त्याच्या खांद्यावरून त्याच माणसाकडे बघतो. पुढे फ्रेडो होडीत मासे पकडायला जातो, मासा गळाला लागावा म्हणून प्रार्थना पुटपुटत असतो आणि गोळीचा आवाज येतो. यात दगा कोणी कोणाला दिला, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा कधी लिहाल, तेव्हा दुसऱ्या भागाचा शेवट जरूर पाहा. १९४१च्या डिसेंबरातला प्रसंग आहे. वडिलांच्या वाढदिवसासाठी सगळी भावंडं टेबलाभोवती जमली आहेत. मी सैन्यात नाव घातलं, असं मायकेल सांगतो. सनी भडकतो. त्या टेबलावर मायकेलचं अभिनंदन करायला हात पुढे करणारा एकटा फ्रेडो असतो.

आपला,
एक जुना वाचक